बाहेरचा हात

समुद्राच्या कडेने फिरायला येणारी माणसं आधी दीपगृह बघतात, मग मोठ्या पाळण्यात बसतात आणि शेवटी आमच्या मत्स्यालयात येतात. मोठ्या टाकीसमोर आली की बडबडी पोरंसुद्धा गप्प होतात. त्या टाकीची काच आतून घासणं हे माझं काम. पाठीवर सिलिंडर बांधून पाण्यात उतरायचं आणि शेवाळ काढायचं. चौदा वर्षं झाली, तरी अजून पहिल्या बुडीला ऊर भरून येतो.

आतून डाग नीट दिसत नाहीत, म्हणून बाहेर एक जोडीदार लागतो. दालनातले दिवे बंद ठेवतात. अंधारातून बघितलं की डाग उठून दिसतात. जोडीदाराने डागावर तळवा टेकवायचा, मी आतून नेमकं तिथेच घासायचं, मग त्याने पुढच्या डागावर जायचं. आमच्यात त्या जोडीदाराला ‘बाहेरचा हात’ म्हणतात. माझा बाहेरचा हात म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा काविळीने गेला, त्याला आता आठ महिने झाले; तेव्हापासून कुणी ना कुणी बदली माणूस येतो.

वहिनीच्या पदरात दोन पोरं. साहेबांच्या विनवण्या करकरून मी तिच्यासाठी ते काम मागितलं. साहेब म्हणाले, “आज बघतो. दहाला दारं उघडायच्या आत काच लख्ख झाली तर बाई कामावर. नाही तर उद्यापासून दुसरा माणूस.”

वहिनीने बाह्या सरसावल्या. “भाऊजी, मला जमेल ना हो?”

“न जमायला काय झालं? फक्त सासूबाईंकडे बघू नका.”

सासूबाई म्हणजे टाकीतला सगळ्यात जुना मासा. तोंड वाकडं करून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत असते. वहिनी त्या सकाळी पहिल्यांदा हसली आणि मी पाण्यात उतरलो.

खाली फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज आणि मास्कच्या रबराचा वास. काचेपलीकडे काळोख. थोड्या वेळाने त्या काळोखातून एक तळवा आला आणि डाव्या कोपऱ्यात टेकला. मी घासलं. तळवा पुढे गेला. वाटलं, पहिल्या दिवसाच्या मानाने वहिनीचा हात चांगलाच बसलाय. ना घाई, ना चुकामूक. एकेक डाग घेत तळवा वर चढू लागला. माझ्या डोक्याच्या वर, मग त्याच्याही वर. शिडी कोणी आणून दिली हिला, असं मनात आलं.

मग माझं लक्ष माशांकडे गेलं. सगळे काचेकडे तोंड करून उभे होते. पाकट मासा एरवी क्षणभर थांबत नाही. तोही तळाशी निपचित पडून वर बघत होता. एवढ्या मोठ्या टाकीत कुणाचा पंखसुद्धा हलत नव्हता. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. अंग शहारलं आणि का कोण जाणे, डोळे भरून आले. मास्कच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

पावणेदहाला काच संपली. ओल्या अंगाने मी धावतच दालनात उतरलो. “वहिनी, कमाल केलीत!”

दालन रिकामं होतं. शिडी नव्हतीच. तेवढ्यात सामानाच्या खोलीतून धपधप आवाज आला. त्या खोलीचं दार आतून उघडत नाही. आम्ही जुनी माणसं दारात बादली अडकवून मगच आत जातो. वहिनीला हे सांगायला मी साफ विसरलो होतो.

दार उघडलं तर वहिनी रडून लाल झालेली. “संपलं ना सगळं? तुम्ही उतरलात तशी फडकं घ्यायला आले... तासभर हाका मारतेय...”

“म्हणजे... तुम्ही काचेजवळ आलातच नाही?”

“कशी येणार, भाऊजी?”

तेवढ्यात साहेब आलेच. त्यांनी बॅटरीच्या उजेडात काच कोपरान् कोपरा तपासली. “वा, बाई! उद्या आठला या. हा एक पंजा राहिलाय, तेवढा पुसून टाका.” आणि ते तिकीटखिडकीकडे गेले.

वहिनीने फडक्याने पंजा घासला. जाईना. बॅटरी घेऊन मी बाजूने वाकून बघितलं. काच वीतभर जाड आहे. पंजा बाहेरून नव्हता, आतूनही नव्हता... काचेच्या मधोमध होता.

मी तिला सांगितलं. तिने फडकं खाली ठेवलं. मग आपला हात हळूच त्याच्यावर टेकवला.

“गरम आहे...” ती कुजबुजली.

बाहेर दारं उघडल्याचा आवाज आला. पंजा सावकाश उजवीकडे सरकला आणि वहिनी, हात न उचलता, त्याच्याबरोबर चालू लागली.