काम सांगितलं की बेशुद्ध पडणारा लोंब्या

लोंब्याला काम सांगितलं की तो बेशुद्ध व्हायचा. गृहपाठाचं नाव काढलं की पोट दुखणारी मुलं आपण पाहिली आहेत. पण लोंब्या पडला यंत्रमानव, त्याला सोंग घेता येत नव्हतं. मग हे काय चाललं होतं?

दत्ताकाकांच्या रेशीम शेडमध्ये लोंब्या छताच्या रुळाला लोंबकळत फिरायचा आणि अळ्यांना तुतीचा पाला घालायचा. ऊन वाढलं की पंप सुरू करून भिंतींवरचे गोणपाटाचे पडदे भिजवायचा. त्याचा मेंदू खिडकीजवळच्या एका डब्यात होता, आणि त्या छोट्या पंपालाही वीज त्याच डब्यातून जायची. तो होता एकपाटी संगणक (तळहाताएवढ्या एकाच पाटीवर, म्हणजे बोर्डवर, सगळे भाग बसवलेला संगणक).

त्या दुपारी पंप घरघरला आणि लोंब्याने मान टाकली. पंपही थांबला. थोड्या वेळाने डोळ्यांतले दिवे लागले.

"नमस्कार. मी लोंब्या. काय काम आहे?"

काकांची पुतणी प्रांजल सकाळपासून हे ऐकून वैतागली होती. ती पडद्यापाशी जाई, कोरडं गोणपाट चाचपून बघे, पुन्हा डब्याकडे येई. अळ्या आता दोन-तीन दिवसांत कोष विणायला लागणार होत्या. शेड अशीच तापत राहिली असती तर संध्याकाळपर्यंत त्या माना टाकणार होत्या. बादल्या ओतून काकांचे हात भरून आले होते, आणि एवढी मोठी शेड काही बादल्यांना दाद देत नव्हती.

काका म्हणाले, "उन्हानं ह्याचं डोस्कं गेलं. बोर्ड गेला म्हण. उद्या जालन्याहून नवा आणतो."

"उद्यापर्यंत अळ्या राहतील का, काका?"

काकांनी रिकामी बादली पुन्हा उचलली. प्रांजल डब्याकडे वळली.

तिने लोंब्याला पंप अजिबात लावू नकोस म्हणून बजावलं आणि नुसतं बोलत ठेवलं. ऊन तेच, शेड तीच, पण लोंब्या टक्क जागा राहिला. म्हणजे दोष उन्हाचा नव्हता. पंप लागला की काहीतरी बिघडत होतं.

लोंब्यालाच विचारलं तेव्हा तो म्हणाला की त्याला पाच व्होल्ट विद्युतदाब (वीज ज्या जोराने ढकलली जाते तो) लागतो. तो फार उतरला की संगणकाला हिशेब जमत नाही, मग तो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अर्धवट लिहिलेल्या आठवणी तशाच पुसल्या जातात.

प्रांजलने शाळेच्या प्रयोगपेटीतला दाब मोजायचा मीटर आणला आणि पळत ओसरीवर गेली. तिथे भिंतीत अडॅप्टर (घरातल्या विजेचा दाब उतरवून देणारी डबी) लावलेला होता. तिथे पाच व्होल्ट भरले. नंतर बाहेरूनच खिडकीतून हात घालून डब्यापाशी मोजलं, तर पंप बंद असताना पाचाला थोडे कमी. मग तिने पंप लावायला सांगितलं. आकडा घसरत सव्वाचारवर आला आणि लोंब्या गप्प झाला.

वाटेत वीज कोण खात होतं? ओसरीपासून डब्यापर्यंत सुतळीएवढी बारीक वायर लांबच लांब गेली होती.

रेशीमवाल्यांची एक शिस्त असते. चपला, मोबाइल, बाहेरचं काही शेडमध्ये न्यायचं नाही. शिवाय अळ्यांची नवी बॅच घेण्याआधी आत ब्लीचिंग पावडर मारतात, त्याने धातू गंजतो. म्हणून काकांनी या बॅचला अडॅप्टर ओसरीवर ठेवून वायर वाढवली होती, आणि त्यानंतर पंप लावण्याइतकं ऊन आजच पडलं होतं. वायर म्हणजे वायर, त्यात काय बघायचं?

"काका, ठिबकची नळी बारीक आणि लांब असली तर शेवटच्या झाडाला काय मिळतं?"

"थेंबबी नाही. आन् सगळ्या तोट्या उघडल्या तर बघायलाच नको."

"मग वायरचंही तसंच आहे."

वायर लांब आणि बारीक असली की रोध (विजेच्या वाहण्याला होणारी आडकाठी) वाढतो. लोंब्या नुसता बोलतो तेव्हा प्रवाह थोडा, म्हणून वाटेत दाब थोडाच उतरतो. पंप लागला की प्रवाह एकदम वाढतो, आणि रोध तोच असला तरी दाब धाडकन उतरतो. घरातल्या विजेचा दाब मुळातच खूप जास्त. तेवढंच काम तिथे कमी प्रवाहात होतं, म्हणून वाटेतली घटही कमी. तेव्हा लांबचा पल्ला घरातल्या विजेने गाठायचा आणि पाच व्होल्टची वायर आखूड, जाड ठेवायची.

काकांनी मेन स्विच बंद केला. बाहेरच्या भिंतीने घरातल्या विजेची जाड वायर ओढून अडॅप्टर खिडकीच्या बाहेरच वळचणीखाली बसवला आणि तिथून डब्यापर्यंत हातभर जाड वायर जोडली. शेडची शिस्तही पाळली गेली. प्रांजल नखं कुरतडत उभी होती, कारण पाटी खरंच जळली असेल तर हा सगळा खटाटोप फुकट जाणार होता.

दिवे लागले. पंप घरघरला. पडद्यांवरून पाणी ओघळू लागलं, आणि लोंब्या न थांबता पाला घालत राहिला. प्रांजलला एकदम रडू आलं. काकांनी तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी पहिल्या अळ्यांनी माना उचलून धागा काढायला सुरुवात केली. सगळ्यांनी बघत राहावं असं ते दृश्य होतं, पण काकांचं लक्ष कुठेच लागेना.

"प्रांजल," ते हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी बोर्ड गेले म्हणून गावानं सहा यंत्रमानव पंचायतीच्या खोलीत टाकलेत. त्यातला एखांदा नुसता उपाशीच असंल का?"

त्यांचं बोलणं संपायच्या आत प्रांजल मीटर घेऊन रस्त्याला लागली होती.