जिवंत चुन्याचं घर

"तुम्ही दोघं घरात बोलता ना?" मालतीबाग वसाहतीचे सचिव भास्करराव खैरनार यांनी विचारलं.

घर विकत घ्यायला गेलं की पगार विचारतात, कर्ज विचारतात. हा प्रश्न शलाका आणि मुकुल गांगुर्डे यांना नवा होता.

"गरजेपुरतं," मुकुल म्हणाला.

खैरनारांनी भुवया उंचावल्या, पण घर दाखवायला ते उठले.

नाशिकच्या कडेला असलेली ही वसाहत शंभर वर्षांपूर्वी कारकून मंडळींनी सहकारी संस्था काढून बांधली होती. मंगलोरी कौलांची बैठी घरं, मेंदीची कुंपणं, प्रत्येक ओट्याला लाकडी कठडा. मुकुल आणि शलाका लग्नापासून विसाव्या मजल्यावर राहत होते. तो यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायचा, ती उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पिकांचे अंदाज बांधायची. दिवसभर दोघांच्या कानांवर हेडफोन. भांडण असं कधी झालंच नाही. परसातलं चिकूचं झाड आणि त्याखालची काळी माती पाहिल्यावर मात्र शलाकाने मुकुलचा हात धरला, आणि तो समजला.

घर मिळण्याची अट वसाहतीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रुबीना अत्तार यांनी सांगितली. बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर त्यांनी टोकदार सळईने केसाएवढा बारीक ओरखडा काढला.

"तुम्ही पावसाळा संपेपर्यंत इथं भाडेकरू म्हणून राहायचं. हा ओरखडा भरून आला, तर खरेदीखत होईल."

"भरून कोण आणणार?" शलाकाने विचारलं.

"भिंत. पण तिला तुमची मदत लागेल." रुबीनाने गिलाव्यावर बोट टेकवलं. "घरं पडायला आली होती, तेव्हा आम्ही जुन्या चुन्यात जिवाणू मिसळले. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि ओल घेऊन ते चुनखडी तयार करतात. तडा गेला तर तो आपोआप सांधला जातो. मात्र घर बंद राहिलं की जिवाणू मरतात आणि भिंत भुसभुशीत होते. म्हणून इथं कुलूप लावून ठेवायला घर मिळत नाही."

दोघं राहायला आले. शलाकाने परसात मेथी पेरली. ओरखडा होता तसाच राहिला.

मुकुल सकाळी भिंतीसमोर स्टूल घेऊन मोठ्याने वर्तमानपत्र वाचू लागला. अग्रलेखापर्यंत येता येता त्याचा घसा बसायचा. शलाकाने गप्पांची ध्वनिफीत लावून ठेवली. शेवटी त्यांनी खोलीत वाफेचं यंत्र आणलं, तेव्हा कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उमटले.

पाहणीला आलेल्या रुबीनाने ते यंत्र आधी बंद केलं आणि मग ती हसली. "ताई, ध्वनिफितीला श्वास कुठला? आणि सततची ओल बुरशीला आवडते. माणसं येतात, तेव्हा भिंत थोडी ओलसर होते. उठून गेली की सुकते. हा ओल-सुकीचा फेरा लागतो. दोघांच्या श्वासाने एवढी मोठी खोली भागत नाही. चार माणसं बोलवा."

"आम्ही इथं कुणाला ओळखत नाही," मुकुल म्हणाला.

"मग घर दुसऱ्यांना द्यावं लागेल. मोठं कुटुंब आहे, वाट बघतंय."

त्या संध्याकाळी शलाका बराच वेळ परसात उभी होती. मेथी वीतभर वर आली होती. कुणाच्या दारात जाऊन 'आमच्याकडे या' म्हणणं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. हात धुऊन ती शेजारी खैरनारांकडे गेली.

"काका, शनिवारी मिसळ करतेय. याल का? आणखी कुणी येणार असेल, तर त्यांनाही आणा."

खैरनारांनी अख्खी गल्ली आणली. मिसळ पुरली नाही, तेव्हा शलाकाने मेथी खुडून भजी तळली. जेवण झाल्यावर कुणीतरी पत्ते काढले. मेंढीकोटचा डाव बसला, आणि आयुष्यभर गरजेपुरतं बोलणाऱ्या मुकुलने खैरनारांवर कोट चढवला.

"हे कुठं शिकलात?"

"वसतिगृहात. तिथून काढून टाकणार होते मला याच्यापायी," मुकुल म्हणाला. ही गोष्ट शलाकालाही माहीत नव्हती.

पुढच्या शनिवारी निमंत्रणाची वाट न बघता लोक आले. पत्ते, चहा, वाद, कुणाच्या मुलीच्या लग्नाची खलबतं. इतर दिवशीही मुकुल हेडफोन काढून ठेवायचा आणि शलाकाला वसतिगृहातल्या गोष्टी सांगायचा. ओरखड्याची एक कड पांढरी झाली, मग दुसरी. नवरात्राच्या आधी रुबीनाने भिंग लावून पाहिलं आणि बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

खरेदीखतावर सह्या करून परतताना शलाकाने खैरनारांना विचारलंच. "काका, खरं सांगा. तुम्ही भिंतीसाठी येत होतात ना?"

"पहिल्या शनिवारी, हो," ते म्हणाले. "नंतर तुमच्या नवऱ्याचा कोट फेडायचा होता. अजून फिटला नाही."

रविवारी संस्थेची सभा होती. नवे सभासद म्हणून दोघं पहिल्यांदाच मतदानाला बसले. रुबीनाने काचेची बाटली टेबलावर ठेवली. प्रयोगशाळेने नवा जिवाणू तयार केला होता. त्याला माणसाचा श्वास लागत नव्हता. नुसत्या हवेवरच तो भिंत सांधत होता. घर कितीही वर्षं बंद ठेवा.

सभेत सुटकेचे निःश्वास ऐकू आले. मागच्या ओळीतल्या लीलाताई म्हणाल्या, "मला मुलीकडे रायपूरला जाऊन राहायचंय. दर वेळी शेजाऱ्यांना माझ्या घरात येऊन बसा म्हणायचं, याचा संकोच वाटतो हो." कुणी म्हणालं, घरांना भावही चांगला येईल. कुणी म्हणालं, मग भाव बघूनच लोक घेतील आणि कुलपं लावतील.

"नवा जिवाणू हवा असेल त्यांनी हात वर करा," खैरनार म्हणाले.

लीलाताईंचा हात वर गेला. त्यांचं म्हणणं शलाकाला पटत होतं. तरीही तिचा हात मांडीवरून उठेना.

मुकुल तिच्याकडे झुकला. "भिंतीला आपली गरज नसती," त्याने हळू विचारलं, "तर त्या दिवशी तू काकांच्या दारात गेली असतीस?"