सोबत कोण

त्या दिवशीचं काम अगदी साधं होतं. सकाळी क्लीसुराच्या घळीत पाहुण्यांना गिधाडं दाखवायची, दुपारी त्यांना हॉटेलात झोपायला सोडायचं आणि ऊन उतरलं की आमच्या मेसोलोंगी गावच्या खाडीवर पेलिकन. सहलीचा शेवटचा दिवस होता. बाकीचे पाहुणे आदल्या दिवशीच परतले होते. उरले होते दोघंच, नेदरलँडचे रुलोफ आणि त्यांची बायको येल्का.

रुलोफ सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, पण पक्षी म्हटलं की लहान मुलासारखे पुढे. येल्काला पक्ष्यांचं काही घेणंदेणं नव्हतं. ती विणकाम घेऊन यायची आणि नवऱ्याने दुर्बीण लावली की मुकाट्याने विणत बसायची. "इतका वेळ हा लग्नाच्या आधीसुद्धा माझ्याकडे बघत नव्हता," असं मला एकदा म्हणाली होती. मला दोघंही आवडले होते. माझ्या धंद्यात असं क्वचित होतं. पाहुणे बहुतेक वेळा अशा थाटात येतात, जणू पक्षी मीच पिशवीत लपवून ठेवलेत.

सकाळचा बराच वेळ मात्र वाया गेला. घळीत ढग अडकून बसला होता. हवा तापल्याशिवाय गिधाडं कड्यावरून हलत नाहीत, त्यामुळे ती उडेपर्यंत आम्ही खालच्या रस्त्यावर गार कॉफी पीत बसलो. मग ती उठली, आमच्या डोक्यावरून गेली, पंखांचा वारा ऐकू आला. रुलोफ खूश झाले. पण गाडीत बसताना हळूच म्हणाले, "लाम्ब्रिनी, एक तेवढं राहिलं."

ते कोणतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नेरोकोत्सेला. पाणथळीतल्या बोरूच्या दाटीत राहणारा, लाल चोचीचा, कबुतराहून लहान पक्षी. ओरडतो मात्र असा, की कोणी डुकराच्या पिल्लाला जिवंत सोलतंय. रुलोफनी तो आयुष्यभर ऐकला होता, पाहिला कधीच नव्हता. अशा पक्ष्याला बाहेर काढायचा एकच मार्ग असतो. त्याच्याच जातीची साद वाजवायची. दुसरा कोणी आपल्या हद्दीत आला, म्हणून तो तावातावाने काठावर येतो.

ती साद माझ्या फोनमध्ये होती. माझ्या भावाने, थ्रासोसने, रेकॉर्ड केलेली.

हे आधी सांगायला हवं. वाटाड्या खरा तोच होता, मी त्याची गाडी चालवायचे. पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्यांची एक पद्धत असते. पक्षी गप्प झाला की यंत्र बंद करण्याआधी ते स्वतःच्या आवाजात नोंद बोलून ठेवतात. कोणता पक्षी, कुठली जागा, वारा कसा, सोबत कोण. थ्रासोसचं सगळं एका दमात असायचं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो होडी घेऊन बोरूच्या बेटाकडे गेला आणि परत आलाच नाही. होडी बांधलेली सापडली. फडक्यातला पाव तसाच होता, आवाज टिपताना लावायचे हेडफोन बाकावर होते. तिथे पाणी कमरेइतकं आहे. कमरेइतक्या पाण्यात धडधाकट माणूस हरवतो कसा, ते कोणालाही सांगता आलं नाही.

आईने तो गेला हे मान्य केलं नाही. आमच्याकडे मेलेल्या माणसासाठी गहू शिजवतात, त्यावर साखर थापून बदामांनी त्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढतात आणि ते ताट चर्चमध्ये नेतात. आई म्हणे, जिवंत माणसाचे गहू मी शिजवणार नाही. वर्षातून एक शनिवार सगळं गाव आपापल्या मृतांचे गहू घेऊन जातं. त्या दिवशी ती दार लावून बसे. तिला एवढंच हवं असायचं, की मी फोनमधला त्याचा आवाज तिला ऐकवावा. मी कधीच ऐकवला नाही. ऐकला तर ती आणखीच वाट बघत बसेल, असं मला वाटायचं. मी स्वतःही ऐकत नसे. साद वाजवायचे, पक्षी थांबला की नोंद सुरू होण्याआधी अंगठ्याने बंद करायचे. अंगठ्याला ती सवयच झाली होती.

हॉटेलातली झोप टाळून आम्ही खाडीवर पोहोचलो तेव्हा भर दुपार होती. होडीवाले अरिस्तीदिसकाका झोपडीच्या सावलीत डोक्यावर टोपी ओढून पडले होते. होडी काढा म्हटल्यावर त्यांनी एकच डोळा उघडला.

"आत्ता? ऊन डोक्यावर असताना? संध्याकाळी ये की पोरी."

संध्याकाळ पेलिकन बघण्यात जाईल आणि रात्री यांचं विमान आहे, असं मी सांगितलं. काका उठले, पण कुरकुरत. त्यांची आई म्हणे त्यांना लहानपणी दुपारचं पाण्यावर कोणाला हाक मारू द्यायची नाही. का, ते तिनेही सांगितलं नव्हतं. मी चेष्टेत म्हणाले की आपण हाक मारणार नाही, पक्ष्याचा आवाज वाजवणार आहोत. काकांना त्यात फरक दिसला नाही.

सपाट बुडाची होडी, मागे काठीने रेटणारे काका, मध्ये मी आणि येल्का, पुढच्या बाकावर रुलोफ. वाटेत मी पाहुण्यांसाठी माशाच्या अंड्यांची खारवून वाळवलेली वडी कापली. आमच्या गावची ही खासियत, वर मेणाचा थर असतो. रुलोफनी आवडीने दोन चकत्या खाल्ल्या. कालव्याचं गोड पाणी खाडीला मिळतं तिथे बोरूचं बेट आहे. काकांनी होडी त्याच्या तोंडाशी नेली आणि काठी चिखलात रोवली.

अशी शांतता मी खाडीवर कधी अनुभवली नव्हती. वारा नव्हता. बोरूचं एक पान हलत नव्हतं. पाणी आणि आभाळ यांची सीमाच पुसली होती, दूरच्या खांबांवरच्या झोपड्या हवेत टांगल्यासारख्या दिसत होत्या. चिखलाचा कुजका, कोमट वास येत होता. येल्काच्या सुया थांबल्या होत्या.

मी साद वाजवली. किंकाळी बेटात शिरली आणि विरली. पक्षी थांबला, मी अंगठा टेकवला... आणि फोन बंद झाला नाही. माझ्या बोटांना माशाच्या अंड्यांचं मेण आणि तेल लागलं होतं. मी अंगठा पुन्हा घासला, शर्टाला पुसला. तोवर थ्रासोस बोलून गेला.

"नेरोकोत्सेला. कालव्याचं तोंड. वारा नाही. सोबत कोणी नाही."

दोन वर्षांनी मी तो आवाज ऐकला. काकांनी मान फिरवली. मग फोन बंद झाला.

बेटातून उत्तर आलं. तीच किंकाळी, अगदी जवळून, हात घातला तर सापडेल इतक्या जवळून. रुलोफनी दुर्बीण डोळ्यांना लावली. कोपरं गुडघ्यांवर टेकवली, तशी ते नेहमी टेकवायचे.

"दिसला," ते कुजबुजले. किती आनंद होता त्या आवाजात.

किंकाळी थांबली. आणि बोरूच्या आतून, पाण्याच्या पातळीवरून, माझा भाऊ एका दमात बोलला.

"नेरोकोत्सेला. कालव्याचं तोंड. वारा नाही. सोबत रुलोफ."

माझ्या हातातला फोन काळा होता. मी तो पाहिला, काकांनी पाहिला. काका छातीवर क्रूस काढत होते, काढतच होते, हात थांबतच नव्हता.

येल्काला आमची भाषा येत नव्हती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बेटाकडे.

"रुलोफला कोण बोलावतंय?" तिने विचारलं.

रुलोफ वळले नाहीत. दुर्बीण डोळ्यांना तशीच होती, कोपरं गुडघ्यांवर तशीच. येल्काने पुढे सरकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते हळूच एका बाजूला कलले, तरी हात दुर्बिणीवरून सुटले नाहीत. ओठांवर हसू होतं. आवाज आधी आला की ते आधी गेले, हे मला आजही सांगता येत नाही. येल्काची किंकाळी मात्र अजून कानात आहे. काकांनी काठी उपटली आणि सत्तरीचा माणूस होडी अशी रेटत निघाला, की पाण्याच्या लाटा आत आल्या. मागे वळून कोणीही पाहिलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय, ऊन, दगदग. कोणालाही पटावं असंच होतं ते. येल्का त्यांना घेऊन गेली. विमानतळावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, तो आवाज ओळखीचा होता का. मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? काकांनी होडी उलटी करून ठेवली, आणि आम्ही दोघांनी त्या दुपारचा विषय पुन्हा काढला नाही. आईला मी इतकंच सांगितलं की एक पाहुणा अचानक गेला. नाव सांगितलं नाही, कुठे ते सांगितलं नाही. ती सादही पुन्हा वाजवली नाही. पण पुसूनही टाकली नाही, त्याचा तेवढाच आवाज शिल्लक होता.

मग मृतांचा तो शनिवार जवळ आला. आदल्या दिवशी मी बाजारात गेले होते आणि फोन घरी विसरले. परत येऊन दार उघडलं तर घरभर शिजलेल्या गव्हाचा आणि दालचिनीचा वास होता. मी उंबऱ्यातच रडू लागले. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. आईने मान्य केलं होतं.

ती स्वयंपाकघरात ताटापाशी उभी होती, चांगले काळे कपडे घालून, केस विंचरून. चमच्याच्या पाठीने साखर गुळगुळीत करत होती. चेहरा इतका निवांत मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"तुझ्या फोनवर ऐकलं मी," ती म्हणाली. "रागावू नकोस. एकटा नाहीये गं तो आता."

मी विचारलं, "काय ऐकलंस?"

"कालव्याचं तोंड. वारा नाही. सोबत रुलोफ." तिने मान वर केली. "कोणी परगावचा दिसतोय. थ्रासोसच्या आवाजावरून तो आवडलेला वाटला त्याला."

मी ताटाकडे पाहिलं. मधोमध बदामांचा क्रूस होता. एका बाजूला थ्रासोसचं अक्षर, दुसऱ्या बाजूला रुलोफचं. आणि खाली, क्रूसाच्या पायाशी, साखर आणखी एकदा घोटून सपाट केलेली एक मोकळी जागा.

"आई... ही जागा कुणाची?"

"त्याचं बोलणं अजून संपलं नाही ना," आई म्हणाली. "'सोबत रुलोफ आणि...' एवढं म्हणून थांबलाय."

फोन टेबलावर उताणा पडला होता. चार्ज संपून तो केव्हाच बंद पडला होता. आईने सोललेले थोडे बदाम वाटीत बाजूला काढून ठेवले होते. खाडीकडची खिडकी तिने सताड उघडली होती, आणि पडदा जराही हलत नव्हता.