ताईला ऐकू जाईल एवढा

ताईची नोकरी तक्रारी ऐकण्याची. घरीच बसून, कानाला हेडफोन लावून, कुणाचा फ्रिज गार होत नाही आणि कुणाचा पंखा घरघरतो हे ती दिवसभर ऐकून घ्यायची. त्यामुळे कामावरून येताना गोदामाच्या गल्लीत आपल्यामागे कुणीतरी चालतं असं धाकट्या बहिणीने जेवताना सांगितलं, तेव्हा ताईच्या तोंडून सवयीने निघालं, "आपली तक्रार नोंदवली आहे." दोघी हसल्या.

"दिसतं का कुणी?" ताईने विचारलं.

"नाही ना. मी थांबले की पावलं थांबतात. पण एक पाऊल उशिरा."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ताई म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

धाकटी भित्री होती हे खरंच. आई गेल्यापासून घरात दोघीच. कडी लागली का, गॅस बंद आहे का, हे ती स्वतः दोनदा बघायची आणि वर ताईला उठवून विचारायची. पण उगाच कल्पना लढवणारी ती नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं तिचं काम. काचेवरचा जो ओरखडा मालकाला भिंगातून दिसायचा नाही, तो हिला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. आणि गल्ली तरी कशी? भर दुपारची. एका बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला बंद शटर. मांजराला लपायलाही जागा नाही.

भोंगा करायची कल्पना ताईचीच. "रोज रोज रडगाणं गाण्यापेक्षा काहीतरी हातात ठेव," म्हणाली. सुट्टीच्या दिवशी दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला. त्याच्या दोन्ही जबड्यांना सोललेली तांब्याची तार गुंडाळली आणि मधे आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेली प्लास्टिकची पट्टी अडकवली. पट्टीला दोरी, दोरीचा फास मनगटात. पट्टी ओढली की जबडे मिटणार, तारेला तार लागणार आणि बझर बोंबलणार. चौकोनी सेल आणि बझर साबणाच्या डबीत बसवले, डबीला भोकं पाडली. पहिल्यांदा पट्टी ओढली तर हूं की चूं नाही. एका तारेचं टोक धाकटीने सेलला जोडलंच नव्हतं.

"तुझ्यासारखाच आहे. लाजतोय," ताई म्हणाली.

दुसऱ्यांदा मात्र असा किंचाळला की तळमजल्यावरचा शिंपी हातात कात्री घेऊन जिन्यात आला. काय प्रकार आहे ते कळल्यावर म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. आता वाजला की मी कात्रीसकट हजर." ताईने धाकटीचं मनगट धरलं. "आणि मी हातातलं टाकून येईन. गल्ली खिडकीखालीच तर आहे."

ताईने एकदा म्हटलं की म्हटलं. त्या रात्री धाकटीने कडी एकदाच बघितली.

दुसऱ्या दिवशी गल्लीत पावलं आली. तिने दोरीत बोट अडकवलं, पण ओढलं नाही. अर्ध्या वाटेवर पावलं भरभर झाली, तिच्या बरोबरीला आली आणि पुढे निघून गेली. समोर कुणी नव्हतं. तरी तिच्या जिवात जीव आला. पुढे गेलेलं माणूस मागून काय करणार?

दाराशी शिंप्याने मान वर केली. "काही विसरलात का? आत्ताच तर वर गेलात."

"मी?"

"मग मी काय मशीनशी बोललो?"

"दुकानात येऊन एकदा नंबर तपासून घ्या," ती म्हणाली आणि वर गेली.

न्हाणीघराची फरशी ओली होती. तिचा टॉवेलही. ताई चहा गाळत होती, आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. "परत खाली कशाला गेलीस गं? छान बोलत बसली होतीस. एकदाही कडीकडे बघितलं नाहीस आज."

ती मी नव्हते, हे धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण ताईचा चेहरा इतका मोकळा झालेला तिने आई गेल्यापासून पाहिला नव्हता. तिने कप हातात घेतला आणि चहाचा घोट घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पावलं पहिल्यापासूनच पुढे होती. धाकटी भरभर चालली, तशी पावलंही. ती धावली, तशी पावलंही धावली. कोपऱ्यावर वळली. घराच्या दारात शिरली. मग दगडी जिन्यावर वाजू लागली, दोन-दोन पायऱ्या एकदम.

वर ताई एकटी होती.

धाकटीने खिडकीखाली येऊन पट्टी ओढली. भोंगा किंचाळला. शिंप्याचं मशीन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

खिडकी उघडली. ताई दिसली. तिच्या कानावर हेडफोन नव्हता.

"ताई, बाहेर ये! घरात कुणीतरी शिरलंय!"

दोघींची नजरानजर झाली. आतून कुणी काहीतरी म्हणालं. ताई मागे वळली, हसली. मग तिने खिडकी लावून घेतली.

धाकटी जिना चढली. भोंगा ओरडतच होता. पट्टी परत बसेना.

दार साखळीपुरतं उघडलं.

"आधी ते बंद कर," ताई हळू आवाजात म्हणाली.

पट्टी कशीबशी बसली.

"ताई, मी आहे."

"माहीत आहे मला."

"मग उघड ना! आत कोण आहे?"

ताईचे डोळे भरून आले. "ती कशालाच भीत नाही गं. मी दिवसभर ऐकते, रात्रीही ऐकते. थकले मी."

कुणी परक्याने दार लावलं असतं तर धाकटीने ते लाथांनी तोडलं असतं. पण ही ताई होती. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला होता. धाकटीने नुसता फटीतून हात आत घातला. ताईने तो दोन्ही हातांत घेतला, जरा वेळ धरला आणि बाहेर सरकवला.

आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. मग धाकटीचाच आवाज आला. फक्त त्यात कंप नव्हता.

"कोण आहे गं, ताई?"

ताई धाकटीकडे बघत होती.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि आवाज होऊ नये म्हणून दार अगदी हळू लावून घेतलं.