सोनेरी ठिपक्यांचं पाखरू

"जुन्या गवतावर नवं रचाल, तर खालचं गवत जागं राहील," ऑर्लिन आजोबांनी जूनमध्येच बजावलं होतं. लेना तेव्हा हसली होती. गवत कधी जागं राहतं का?

आज, चार जुलैच्या दुपारी, गोठ्याच्या दारावरचं पाखरू बघताना तिला हसू येईना. पतंगाच्या जातीचं, नखाएवढं, जांभळट लाल, पुढे सोंडेसारखं तोंड.

"ओकच्या पानांवरचं असेल," चुलतभाऊ वेस म्हणाला. "तूच वहीत काढलं होतंस ना, पंडितबाई?"

"त्याच्या पंखांवर बारीक रेघा होत्या. याच्या कडेला बघ, दोन ठसठशीत सोनेरी ठिपके. याच्या अळ्या गंजीच्या तळचं ओलं, कुजकं गवत खातात. म्हणजे खालचं गवत ओलं राहिलंय, आणि ओलं गवत दाबून रचलं की आतून तापत जातं."

वेसने नाक वर करून हुंगलं. गोठ्याच्या माळ्यावरून जळक्या साखरेसारखा वास येत होता. आणि तिथेच, गवताच्या गठ्ठ्यांवर, आजोबा रोज दुपारी झोपत. कानातलं ऐकण्याचं यंत्र खिशात ठेवून.

अंगणात मार्विनकाका अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी ट्रॅक्टर पुसत होते.

"काका, माळ्यावरचं गवत आतून तापलंय."

"कोण म्हणतं?"

"पाखरू."

"मग पाखराला सांग, मी स्वतः हात लावून पाहिलाय. पळा, कपडे बदला."

दोघं पळाली, पण माळ्याकडे. आत किती तापलंय ते बघायला वेसने शिडीजवळच्या गठ्ठ्यांत लांब लोखंडी सळई खुपसली. लेना भिंतीच्या कडेकडेने आजोबांपर्यंत गेली. पायाखालचं गवत ऊबदार होतं, एखाद्या जनावराच्या पाठीसारखं. तिने त्यांना गदागदा हलवलं. यंत्र कानात घालण्याआधीच त्यांना वास आला.

"वेस, गठ्ठा ओढू नकोस!" ते ओरडले. "वारा लागला की पेटेल. खाली उतरा, आधी खाली!"

वेसने जाड हातमोज्यांनी सळई उपसली आणि तशीच अंगणात नेली.

"काका, जरा धरता?"

काकांनी धरली आणि चटका बसताच फेकली. मग ते फोनकडे धावले.

बंबवाल्यांनी पाणी मारत एकेक गठ्ठा उतरवला. मधले गठ्ठे कोळशासारखे काळे निघाले.

"माझं बोलणं हसण्यावारी नेलंस," आजोबा लेनाला म्हणाले, "पण पाखराचं ऐकलंस. चालेल. वाचलो."

काका ओल्या फडक्यात हात गुंडाळून बसले होते. "पोरी, ती वही आण," ते हळूच म्हणाले. "मलाही शिकव ते ठिपके."

तुमच्याही घरी दुपारी कुणी एकटं, ऐकू न येणारं झोपलेलं असेल. हे पान मिटा आणि आधी त्यांना एकदा बघून या.