हेडलाइट का लागत नाहीत?

"काका, ट्रॅक्टरचा स्टार्टर जळलाय म्हणता, तर मग हेडलाइट का लागत नाहीत?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि चिमणी स्वतःच दचकली. मागे कुंड्यांच्या आडून तिच्या वर्गातले लंबू आणि चष्मिस डोळे फाडून बघत होते. "मिस्त्रीला विचारून दाखव, मग मानू!" ही पैज त्यांचीच. हजेरी देतानाही पुटपुटणारी ही मुलगी यंदा वक्तृत्वात पहिली काय आली, तेव्हापासून सगळी अवघड कामं हिच्याच गळ्यात!

मिस्त्रीने पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीत कोंबले. "बॅटरीला बल्ब लावला, लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी ठीक. किल्ली फिरवली तर हूं नाही की चूं नाही. म्हणजे स्टार्टर गेला. या जुन्या मॉडेलचा आता मिळत नाही. संपलं!"

"पण हेडलाइट..."

"तुला शाळेपासून सुट्टी आहे ना? मग मला तुझ्यापासून दे!"

मिस्त्री निघून गेला. बाबांनी भंगारवाल्याला फोन लावला. "चार वाजता या." मग आईकडे न बघताच म्हणाले, "नर्सरीही आवरती घेऊ. आता माझ्याच्याने होत नाही."

हा छोटा डिझेल ट्रॅक्टर म्हणजे नर्सरीचे पाय. वरच्या वाफ्यांना नळ नव्हता; पाण्याची टाकी तोच ओढून न्यायचा. परवा चढावर चालता चालता तो एकदम गप्प झाला, तो झालाच. तेव्हापासून सगळे बादल्या वाहत होते. नऊशे रोपं आणि चार बादल्या! रोपांनी माना टाकल्या होत्या. आईच्या तळहातांना फोड आले होते आणि ती ते पदराखाली लपवत होती.

"चारला अजून दोन तास आहेत," चष्मिस ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक उघडत म्हणाली. "यात लिहिलंय, सीटवर कुणी बसलेलं नसेल तर तो सुरूच होत नाही."

"मी बसतो!" लंबू टुणकन चढला. त्याचे गुडघे थेट हनुवटीला टेकले.

"क्लच दाब. गवत कापायचं पातं बंद आहे ना? फिरव किल्ली!"

काही नाही. साधी टिकसुद्धा नाही.

फ्यूज काढून पाहिला. तार शाबूत! चिमणीने तो परत बसवला. आणखी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अर्धा तास तिघांनी पुन्हा बादल्याच वाहिल्या.

"मिस्त्रीने बल्ब कुठे लावला होता?" चिमणीने एकाएकी विचारलं.

"बॅटरीच्या दोन टोकांना. का?"

"आणि स्टार्टर, दिवे? त्यांना वीज कशी मिळते?"

चष्मिसने पानं उलटली. "एक वायर बॅटरीच्या प्लसकडून. परतीचा रस्ता मात्र ट्रॅक्टरच्या लोखंडातूनच. आणि लोखंडापासून मायनसपर्यंत ही जाड काळी वायर."

चिमणीने बाबांच्या खोक्यातून तसाच बल्ब आणला. एक टोक प्लसला, दुसरं मायनसला. लख्ख! आता दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवलं.

अंधार!

"अगं, परतीचा रस्ताच तुटलाय!" चष्मिस किंचाळली.

मायनसची पकड सोडवून चिमणीने काळ्या वायरचा खालचा बोल्ट उघडला. वायरखाली लोखंड दिसलंच नाही. दिसला गुळगुळीत, जाड, हिरवा रंग. महिन्यापूर्वी बाबांनी ट्रॅक्टर हौसेने रंगवला होता. एकेक बोल्ट काढून, एकही कोपरा न सोडता! रंगातून वीज जाणार कशी? इतके दिवस बोल्टच्या कडेला जेमतेम धातू टेकला असावा. चढावरच्या हादऱ्यांनी तोही सुटला.

आता हे बाबांना सांगायचं कुणी? वक्तृत्वाचं बक्षीस इथे कामाचं नव्हतं. तिने पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड चकाकलं, बोल्ट आवळला, पकड परत बसवली. तेवढ्यात भंगाराचा टेम्पो फाटकातून आत आला.

"बाबा, किल्ली तुम्हीच फिरवा."

"कशाला गं? उगाच जीव लावू नकोस त्याला."

"एकदाच. प्लीज!"

बाबा बसले. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा लागला, विझला. त्यांनी किल्ली फिरवली आणि ट्रॅक्टर खोकला, धुराचा लोट सोडला आणि धडधडू लागला!

"अरे वा!" भंगारवाल्याने ट्रॅक्टर ओढायला काढलेली साखळी परत टेम्पोत टाकली. "मिस्त्रीला जमलं नाही ते पोरांनी केलं! आज माझी फेरी फुकट, पण बरं वाटलं."

चिमणीने बोल्ट दाखवला. बाबा त्या खरवडलेल्या जागेकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्याच हाताने..." त्यांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "शाबास रे पोरांनो."

टाकी वर पोहोचली. पाणी सुटलं. पण निम्म्याहून जास्त रोपांची पानं बोटात धरताच चुरली. सगळंच काही पाण्याने परत उभं राहत नाही. आई वाफ्याच्या कडेला मटकन बसली.

"उशीर झाला गं," बाबा म्हणाले. "ट्रॅक्टर वाचला. नर्सरी नाही वाचली."

चिमणीला रडू फुटत होतं. तिने ते गिळलं नाही. डोळे वाहत असतानाच ती दोघांसमोर उभी राहिली.

"आई, बाबा, नर्सरी बंद होणार नाही. या मेलेल्या कुंड्या मी आज रिकाम्या करणार आणि उद्या सकाळी त्यांत बी पेरणार. तुम्ही आलात तर तिघं मिळून, नाहीतर एकटी. मी विचारत नाहीये, सांगतेय!"