हिरव्या लॅम्पशेडमधलं ठिगळ

चोर सापडला, त्याला चहा पाजण्यात आला आणि तपास बंद झाला. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरू. महाळुंगे पडवळला मोटारसायकलवरून उतरताना पप्पूलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

पप्पू हा प्रतिभाताईंचा सहायक. प्रतिभाताई आळेफाट्याच्या खासगी गुप्तहेर. एरवी लग्नाआधी नवरदेवांची चौकशी करतात. या वेळी लॅम्पशेड बेपत्ता होती. पप्पूच्या मते लॅम्पशेड बरी, निदान पगार तरी वाढवून सांगत नाही.

"पेटीत जुनं हिरवं लुगडं सापडलं, त्याची केली," लॅम्पशेड शिवणारी हर्षाली म्हणाली. "काल दुपारी फोटो काढले, आज सकाळी गायब! माझी पहिलीच ऑर्डर, ताई. पाचला पुण्याची गाडी यायचीय."

तिनं मोबाइलवर दोन फोटो दाखवले. दिवा विझलेला असताना शेड नितळ हिरवी. दिवा लावल्यावर पोटात ठिगळ, भोवती लांब तिरके टाके.

"लुगडं दुहेरी लावलंय. ठिगळ दोन थरांच्या मधी दाबलं, दिवा लावल्याबिगर दिसत न्हाई. हा फोटो कुणालाच दाखवला न्हाई."

"दिवा लावला तेव्हा कोण होतं?" प्रतिभाताईंनी विचारलं.

"मी आन् फोटोवाला आदेश. खिडक्यांना गोधड्या लावल्या व्हत्या."

आदेश फोनवर भेटला. तो काल संध्याकाळपासून आणे गावात एका लग्नात होता. पुरावा म्हणून त्यानं नवरीचे चारशे फोटो पाठवले. पप्पूनं चारशेही तपासले. संशयास्पद फक्त नवरदेव वाटला.

हर्षालीची जाऊ अश्विनी म्हणाली, "चोरायचीच असती तर लाल चोरली असती. आमच्या भिंतीला हिरवं शोभतं व्हय?"

सासरे सावळेराम अंगणात दाभणानं कांद्याच्या गोण्यांची तोंडं शिवत होते. "मला काय ठावं, पावणं? पोरगी काय करती ते मी बघतबी न्हाई. ठिगळाचं कापाड पुण्याचा माणूस घेतो, नवलच हाय!"

प्रतिभाताईंनी शिवलेल्या गोणीवर बोट फिरवलं आणि सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"ठिगळ दोघांनीच पाहिलं," त्या म्हणाल्या. "आदेश आण्याला, आणि हर्षाली स्वतःचीच ऑर्डर बुडवणार नाही. मी मामांसमोर ठिगळाचा शब्द काढला नव्हता. मग त्यांना कळलं कसं? एकच वाट उरते: ते त्यांनीच लावलंय. फोटोतले टाके बघा, ही गोणी बघा. लुगडं गोणीसारखं कोण शिवतो? ज्याला दुसरं शिवताच येत नाही तो."

पप्पूनं फोटो पाहिला, गोणी पाहिली. मग उगाच नवरदेवाचाही फोटो पाहिला.

दाभण थांबलं.

"माझ्या गोजरबाईचं लुगडं हाय," सावळेराम म्हणाले. "आजारपणात तिला सुई दिसंना, म्हणून मी शिवलं. तर म्हणती, मी काय कांद्याची गोणी हाय व्हय? लई हसली. आठ दिसांनी गेली."

शेड विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत होती, बल्बवर अडकवलेली. काल रात्री लाइट असेपर्यंत ते तिच्यापाशी बसले होते.

हर्षाली या घरात आली ती सासूच्या माघारी. तिनं पुण्याला फोन लावला. "साहेब, ऑर्डर रद्द करा. ती विकायची न्हाई." मग सासऱ्यांकडं वळली. "मामा, चहा टाकते."

चहा पिता पिता सावळेराम पप्पूला म्हणाले, "भाऊ, एक अर्ज लिवून द्या."

"कुणाला?"

"ज्याच्या हातात आसंल त्याला."

पप्पूनं लिहिलं:

'मा. संबंधित अधिकारी यांस,
विषय : गोजरबाई सावळेराम यांना एक दुपार घरी सोडणेबाबत.
महोदय, सदर महिलेचे नाव रेशनकार्डातून अद्याप कमी केलेले नाही; प्रत सोबत जोडली आहे. नेण्या-आणण्यास अर्जदार स्वतः हजर राहील. तरी तातडीने मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'